सुभेदारीणबाईंनी राखलेलं भांडण

अमरावतीच्या राजापेठेत भाजीची दुकानं मुंग्यांसारखी, पण सांभार फुकट न देणारं दुकान एकच. सांभार म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात पावभर वांगी घेतली तरी वरून मूठभर सांभार पडतो आणि तो न देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची हिंमत होत नाही. त्या एका दुकानाच्या बाई मात्र जुडी छातीशी धरून बसायच्या आणि गिऱ्हाइकालाच विचारायच्या,

"फौजीच्या डब्यात काय टाकून राहिली?"

"माय व! मी तं वांगे घ्याले आली."

"वांगे घे ना, कोन नाई म्हनते? सांभार फौजीचा आहे. मूठभर जवस आन घरून, मंग ने."

"जवस नाई घरी."

"हात आहेत ना? बस अठी. लसून सोल."

त्यामुळे त्यांच्या पायरीवर कायम बाया लसूण सोलत असत. त्यातल्या काही सकाळी भाजीला म्हणून निघालेल्या असत आणि दुपारी घरचे त्यांना शोधत गल्लीगल्लीनं फिरत. एकदा टाय लावलेले बँकेचे एक साहेब तिथं बसून तीळ निवडताना मी पाहिले. त्यांनी फक्त कढीपत्ता मागितला होता. मी वाढवून सांगतोय असं वाटेल. वाढवून सांगायची सवय मला आहेच, पण ह्या बाईंच्या बाबतीत तिचा काही उपयोग होत नाही. मी कितीही वाढवलं तरी त्या चार पावलं पुढेच निघतात.

नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या वाचतील आणि अकोल्यापर्यंत येऊन मला लसूण सोलायला बसवतील. राजापेठ त्यांना सुभेदारीण म्हणायची. नवरा सुभेदार होता असं समजू नका. तो बिचारा फुलांचे हार करायचा आणि दिवाळीत फटाका वाजला की मोगऱ्याच्या टोपलीमागं जायचा. माहेरी-सासरी फौजेत कोणी नाही. सगळे बागायती, भाजी पिकवणारे आणि विकणारे. तरी ही पदवी त्यांना चिकटली, कारण खरा सुभेदारही पलटणीला इतकं कामाला लावत नसेल.

मी अकोल्याचा. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात गणित-विज्ञान शिकवायला आलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गाव कोन्तं?"

"अकोला."

"म्हंजे उन्हाची कुरकुर करनार नाई. अक्षर कसं आहे?"

भाड्याच्या खोलीचा आणि अक्षराचा संबंध मला कळेना. त्यांनी भाजीची कागदी पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, "वांगे लिव." मी लिहिलं. त्यांनी पिशवी लांब धरून, जवळ धरून पाहिली. "वाचता येते. राहा." मला खोली मिळाली ती अशी. पहिल्या आठवड्यात कळलं की मी भाडेकरू नसून लेखनिक आहे आणि भाडं वरून द्यायचं आहे.

मागच्या खोल्यांत फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं राहायची. पहाटे धावायची, आल्यावर पोळ्यांच्या थप्प्या संपवायची आणि एक दिवस भरती होऊन निघून जायची. त्यांना बाई डबा पाठवायच्या. मग त्या पोरांच्या सोबत्यांना, मग सोबत्यांच्या सोबत्यांना. शेवटी उत्तरेकडची सीमा अर्धी बंदुकीवर आणि अर्धी राजापेठेच्या लसणाच्या चटणीवर उभी आहे असं माझं मत झालं.

डबा म्हणजे कापडात शिवलेलं गाठोडं. कापसाची पोती शिवायचा दाभण घेऊन त्या स्वतः शिवायच्या आणि टाके असे घालायच्या की ते उसवायला पलटणीला एक वेगळा माणूस नेमावा लागत असे. वर पत्ता मी लिहायचा. त्या पत्त्यावर बाईंचा राग होता. त्यात नंबर, नाव, पलटण आणि शेवटी नुसता आकडा.

"गाव लिव."

"फौजेच्या पत्त्यात गाव नसतं, काकू."

"बिनगावाचा मानूस असते का कुठी? लिव, बर्फाच्या पहाडाजवळ, डाव्या हातानं."

डाव्या हाताला काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण गाठोडी पोचायची.

एकदा मात्र पोचून घोटाळा झाला. हिरव्या मिरचीचा ठेचा त्यांनी प्लास्टिकच्या पुड्यांत भरून मेणबत्तीवर तोंडं चिकटवून पाठवला. अमरावतीची हवा पुडीत कोंडलेली. गाठोडं वर वर गेलं तशी पुडी फुगत गेली आणि लडाखात डाकेच्या थैलीतच फुटली. थैलीतल्या सगळ्या पत्रांना ठेचा लागला. पुढचं आम्हाला तिथल्या एका साहेबाच्या हिंदी पत्रातून कळलं. अख्खी पलटण घरची पत्रं वाचून ढसाढसा रडत होती आणि कोण विरहानं रडतोय आणि कोण मिरचीनं, हे साहेबाला काही केल्या कळत नव्हतं.

मी बाईंना समजावलं, "वर हवा पातळ असते, म्हणून पुडी फुगते."

"म्हंजे पुडीले वरच्या हवेची सवय नाई," त्या म्हणाल्या.

"पुडीला कसली सवय?"

"तुले झाली ना अमरावतीची?"

आणि त्यांनी जीप ठरवली, लसणाच्या बाया भरल्या, ठेच्याचं पातेलं मांडीवर घेतलं आणि सरळ चिखलदऱ्याला गेल्या. पुड्या आता डोंगरावरच बंद करायच्या! लोक तिथं दरी पाहायला आलेले. ही बायांची पलटण दरीकडे पाठ करून, वाऱ्यात पदराच्या आडोशाला मेणबत्त्या धरून पुड्या चिकटवत बसलेली. नवीन लग्न झालेलं एक जोडपं फोटो काढायला जवळ आलं. नवरीच्या हातात लगेच चमचा आला. खाली उतरल्यावर पुड्या पापडासारख्या चपट्या झाल्या. बाईंनी एक पुडी माझ्या नाकापुढे धरली. "पाहा. आता पोटात जागा ठेवली तिच्या." त्या खेपेला एकही पुडी फुटली नाही आणि मी आठवडाभर वर्गात हवेच्या दाबाचा विषय काढला नाही.

पत्रांचे त्यांचे नियम वेगळे. जवळच्या एका शाळेनं एकदा पोरांनी लिहिलेल्या शुभेच्छापत्रांचा गठ्ठा आणून दिला. मी वाचून दाखवू लागलो. 'हे वीर जवान, तू आमची शान.' दुसरं, 'हे वीर जवान, तू आमची शान.' तिसरं काढताच बाईंनी हात वर केला.

"एवढे पोट्टे अन् एकच पत्र? हे काय दवंडी आहे?"

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत जाऊन वर्गात उभ्या राहिल्या. "ह्या आठवड्यात ज्याले ज्याले मार भेटला, त्यानं कावून भेटला थे लिवाचं. अन् खोटं लिवाचं नाई. फौजीले खोटं लगेच समजते." मार का मिळाला ते पोरं असं लिहायला लागली की मास्तरीणबाईंना फळ्यापाशी घाम फुटला. एका पोरीनं लिहिलं, 'काका, मी भावाच्या दप्तरात बेडूक टाकला.' त्यावर सीमेवरच्या एका चौकीवरून उत्तर आलं, आणि त्यात देश, कर्तव्य वगैरे काही नव्हतं. फक्त विचारलं होतं की बेडकाचं पुढे काय झालं.

बाईंनी ते उत्तर ऐकलं आणि भेंडीवर पाणी मारता मारता म्हणाल्या, "पाह्य, मानूस असा सापडते."

हे सगळं आधी सांगितलं ते गजूसाठी.

गजू बार्शीटाकळीचा. शेतकऱ्याचा पोरगा, मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचा. धावायला हरणासारखा, खायला दोन बैलांसारखा आणि बोलायला तर विचारूच नका. त्याच्या बोलण्यात टाचणी शिरायला जागा नसायची. येता-जाता दुकानातलं गाजर उचलायचा आणि बाई पाठीत धपाटा घालायच्या. भरती झाला, प्रशिक्षण झालं आणि पुढे बर्फातल्या एका चौकीवर गेला.

हिवाळ्यात एका दुपारी त्याची आई बार्शीटाकळीहून आली. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. त्या तिनं बाईंपुढे ओतल्या आणि पायरीवर बसली.

"फोन लागते कवा कवा," ती म्हणाली. "मी म्हनतो, जेवला का? थो म्हनते, हूं. बरा आहे का? हूं. मंग ठेवून देते. त्याच्या संगतचा पोरगा गेला बाई, बर्फाखाली. सोहन नाव होतं. दोघं एकाच तंबूत राहत. तवापासून माहा पोरगा बोलतच नाई. सायबानं सोता फोन केला मले. म्हने, माताजी, ड्यूटी करता है, पर किसी से बात नहीं करता, ठीक से खाता नहीं. रस्ते बंद आहेत, बर्फ सुटेपर्यंत खाली आनता येत नाई म्हने. मी काय करू व?"

धीर धर, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुह्याशी भांडते का फोनवर?"

"नाई."

"रागावते तरी?"

"काईच नाई."

"हे वाईट आहे," बाई म्हणाल्या. शेंगा सोलणारा त्यांचा हात थांबला होता. "रागावला असता तं चिंता नोती."

आईला बसमध्ये बसवून त्या आल्या आणि मला म्हणाल्या, "कागद काढ."

सोहनबद्दल दोन ओळी असतील म्हणून मी आधीच लिहून टाकलं, 'झालं ते फार वाईट झालं.' त्यांनी ते खोडायला लावलं.

"निदान सांत्वनाचे दोन शब्द तरी, काकू?"

"थे त्याले पलटनीनं देल्ले, सायबानं देल्ले, मायनं देल्ले. सगळे त्याले मेलेल्याचीच गोठ सांगून राहिले. जित्या मानसायची कोन सांगन? लिव. गजू, तू अठी नाई म्हनून गाजर उरून राहिले. अन् आपल्या गल्लीत इंगोले अन् तायडे मास्तरचं वाजलं."

वाजलं होतं हे खरं. गिरणीवाल्या इंगोलेंच्या आवारात शेवग्याचं झाड. त्याची मोठी फांदी भिंतीवरून तायडे मास्तरांच्या अंगणात गेलेली. तायडे निवृत्त. त्यांनी छपरावर पाणी तापवायचं सोलर बसवलं तर शेवग्याची सावली नेमकी त्यावर. इंगोलेंचं म्हणणं, झाड माझं, शेंगा माझ्या. तायड्यांचं म्हणणं, माझी आंघोळ थंड होते, तर शेंगा माझ्या. एके सकाळी इंगोलेंनी बांबूची आकडी भिंतीवरून लांबवून तायड्यांच्या अंगणावरची शेंग ओढली. तायडे साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आले आणि त्यांनी आकडीचं दुसरं टोक धरलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. बाईंनी मला हे सगळं असं सांगितलं की मी लिहिता लिहिता दोनदा खिडकीतून शेवगा पाहून घेतला. आणि शेवटी, "तायडेनं जोर लावला, अन् मंग काय झालं थे पुढच्या पत्रात. तू इचार करून सांग, चूक कोनाची?"

उत्तर आलं नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं. हवा बरी असली की हेलिकॉप्टर डाक नेतं असं पोरं सांगायची. बाई आभाळाकडे पाहून लडाखच्या हवेचा अंदाज बांधायच्या आणि इथं ढग आला की ढगाला शिव्या द्यायच्या. गजूच्या आईचा फोन यायचा. अजून "हूं"च.

आणि अशात बातमी आली की भांडण मिटतंय.

इंगोलेंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पंगतीला जागा पाहिजे आणि गल्लीत मोकळी जागा एकच, तायडे मास्तरांची. गल्लीतल्या चार शहाण्यांनी मध्ये पडून गिरणीत चहा ठेवला. इंगोलेंनी शेंगांची जुडी तायड्यांपुढे ठेवली, तायड्यांनी हात पुढे केला. दोघांचे हात अगदी चार बोटांवर आले होते. तेवढ्यात सुभेदारीणबाई दारात. हातात तराजूचं किलोचं वजन. ते ठेवायला विसरून आल्या होत्या, पण आम्हाला तेव्हा तसं वाटलं नाही.

"खबरदार मिटवलं तं!"

इंगोलेंचा हात हवेतच राहिला. "बाई, पोरीचं लग्न आहे माह्या!"

"लग्न कर ना. भांडून कर."

"असं कुठी असते काय?" तायडे म्हणाले. "लोक भांडन सोडवतात, अन् तुमी..."

मग बाई पोत्यावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. गजूचा सोबती, ते "हूं", ती तीन पत्रं. "पोट्टं तठी एकटं बसून आहे. त्याच्या डोक्यात निरा बर्फ आहे. त्यात मी तुमचं भांडन घुसवून राहिली. आता तुमी मिटवलं तं मी पुढं काय लिवू? शेंगा वाटून खाल्ल्या, सगळे गोड झाले, इतिश्री? त्याले उत्तर द्यावंच लागंल असं काई उरते का त्यात?"

गिरणीचा पट्टा फिरत होता, तो कोणीतरी बंद केला. गजूला त्या दोघांनीही पहाटे गल्लीतून धावताना रोज पाहिलं होतं. तायडे मास्तर तर त्याला घड्याळ लावून वेळ सांगायचे. ते हळूच म्हणाले, "बरं. मंग इंगोले, तू चोर आहेस."

इंगोलेंनी शेंगांची जुडी मागे ओढली. "अन् तुमी... तुमी कंजूस."

"हे काय भांडन आहे?" बाई कडाडल्या. "पाह्यने आल्यासारखे बोलून राहिले. मी खोटं लिवत नाई, माहीत आहे ना? खरं भांडा."

दोघं मोठी माणसं कावरीबावरी होऊन बसली. खरं भांडण कुठून आणायचं? तायड्यांनी डोकं खाजवलं. "तुह्या गिरनीत माह्या गव्हात एकदा दुसऱ्याची ज्वारी मिसळली होती."

"कवा?" इंगोले ताठ झाले. "माह्या गिरनीत? मास्तर, गिरनीवर बोलाचं नाई!"

"पोळ्या काळ्या झाल्या होत्या."

"थ्या बायकोनं जाळल्या असन तुमच्या!"

पुढची दहा मिनिटं कानावर हात ठेवावे लागले. दोघांनाही पूर्वीचं इतकं आठवत गेलं की चहा गार झाला, शेंगांची जुडी पायाखाली आली आणि ते चार शहाणे एकेक करून सटकले. बाई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर समाधान असं, जसं पहिल्या तोडीची मेथी हातात आल्यावर असतं. "हे लिव," त्या म्हणाल्या.

लग्न झालं. पंगत तायड्यांच्याच जागेत बसली, कारण जागा देणं हा माणुसकीचा भाग, आणि भांडण हा फौजेचा. तायडे मास्तर कमरेला पंचा बांधून स्वतः वाढत होते, पण इंगोलेंशी शब्द नाही. इंगोलेंच्या पानाशी आले की पळी वाकडी करून वरण असं टाकायचे की ते पानाबाहेर जाईल. आणि भर पंगतीत वऱ्हाड्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वरनातही काई मिसळलं आहे. गव्हासारखंच." नवरीची पाठवणी झाली तेव्हा दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून रडले. ते मी पत्रात घालू का विचारलं. "घाल," बाई म्हणाल्या, "पन दोघायनं एकमेकाले पाह्यलं नाई, हेही घाल."

आणि एका सकाळी पोस्टमन गजूचं पाकीट घेऊन आला. आतल्या कागदावर ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. एकच ओळ.

'आकडी कोनाच्या घरची होती, थे कावून नाई लिवलं?'

मी वाचलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. "अजून." पायरीवरच्या बायांनी लसूण खाली ठेवला. मग बाई एकदम भडकल्या. "पाह्य कसा लिवते! मोठ्यायले नमस्कार नाई, काई नाई. शेफारला पोट्टा. येऊ दे त्याले खाली." असं म्हणत त्या गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसल्या आणि बराच वेळ त्यांनी एकच भोपळा पुसला. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी स्वतःच भाजी तोलून घेतली आणि सांभार कोणीही मागितला नाही.

तर आकडी होती तायड्यांचीच. कधीकाळी इंगोलेंनी मागून नेलेली आणि परत न केलेली. म्हणजे माणसाच्या आकडीनं त्याच्याच अंगणातली शेंग ओढलेली! एवढी मोठी गोष्ट इतक्या पत्रांत आली नव्हती. मी बाईंना विचारलं, "मुद्दाम गाळली होती का?"

"सांभारावर पानी मार," त्या म्हणाल्या.

यानंतर चौकीवर आगच लागली, म्हणजे भांडणाची. गजूची पत्रं लांबत गेली. आकडीचं ऐकून एक पंजाबी हवालदार तायड्यांच्या बाजूनं झाला, तर एक तमिळ नाईक म्हणाला, झाड ज्यानं लावलं त्याचं. गजू सगळ्यांना पत्रं हिंदीत करून सांगायचा. सांगायचं म्हणजे बोलावं लागायचं. चौकीत दोन तट पडले, एका तटानं दुसऱ्याला चहा देणं बंद केलं, आणि साहेबानं म्हणे दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि ह्या भागातली परिस्थिती गंभीर आहे असं मान्य केलं. गजूच्या आईचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. "जवसाची चटनी मांगतली व त्यानं! अन् म्हने, मागच्यासारखी खारट नोको करू. भांडला माह्याशी!"

उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्ता उघडला. गजू आधी बार्शीटाकळीला गेला आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन राजापेठेत आला. मी ओळखलं नाही. गाल बर्फानं काळे पडलेले, खांदे उतरलेले. बाईंच्या पाया पडला. बाईंनी पाठीत धपाटा घालायला हात उचलला आणि तो तसाच पाठीवर ठेवून दिला.

गल्ली जमली होती. इंगोले एकीकडे, तायडे दुसरीकडे, खटल्यातल्या पक्षकारांसारखे कपडे इस्त्री करून. गजूनं शेवग्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घसा खाकरून चौकीचा निकाल सांगितला. "झाड इंगोले काकाचं. सावली तायडे सरची. आकडी परत करा. अन् शेंगा चौकीनं जप्त केल्या."

"मंजूर नाई!" दोघं एका सुरात ओरडले. बाया हसल्या, गजूही हसल्यासारखा झाला. मग म्हणाला, "सोहन असता तं निकाल लागूच देल्ला नसता त्यानं. त्याले..." आणि थांबला. त्याच्या आईनं बाईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. पुन्हा "हूं" सुरू होतं की काय?

बाईंनी साध्या आवाजात विचारलं, "त्याची माय कुठी राहते?"

"चंब्याकडे. हिमाचलच्या पहाडात."

"तिले कोनी लिवलं?"

"पलटनीनं."

"पलटनीनं तं कसा गेला थे लिवलं असन. तुह्यासंग कसा राहे, थे तिले कोन सांगन?"

बाईंनी मला खूण केली, मी कागद-पेन घेऊन पोत्यावर बसलो. वाट पाहिली. बाई एरवी धाप न लागता चार कागद सांगायच्या, त्याही गप्प. शेवटी गजूनं हात पुढे केला.

"द्या सर. मीच लिवतो."

तो टोमॅटोच्या कॅरेटवर कागद ठेवून लिहायला बसला. हिंदीत, सावकाश, मध्ये मध्ये पेनाचं टोक चावत. कोणी गेलं नाही. एक बाई भाजीला आली, तिला कोणी काही सांगितलं नाही तरी तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि पायरीवर बसली. इंगोले आणि तायडे जागा नव्हती म्हणून एकाच पोत्यावर टेकले, तोंडं दोन दिशांना. गजूचे डोळे वाहत होते, ते पुसायला तो थांबत नव्हता. पहिला कागद भरला, मी दुसरा दिला. अर्ध्यावर आला असेल नसेल, आणि लिहिता लिहिता त्याला काय आठवलं कोण जाणे, तो एकदम खळखळून हसला. मान खाली, पेन चालूच, आणि हसतोय.

त्याची आई उठली. कोणालाही न विचारता बाईंच्या स्वयंपाकघरात गेली. आत डबे उघडल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा.

"काय करून राहिली व?" बाईंनी इथूनच विचारलं.

"भाकरी टाकतो," ती आतून म्हणाली. "त्याले भूक लागंल आता."